‘डच अंकल’ म्हणजे नेमकं कोण? तोंडावर खरं बोलणाऱ्या ‘काकां’ची गोष्ट, नागसेनवन ते पैठण

इंग्रजी वेबसीरिज, क्रिकेटचं समालोचन किंवा ऑफिसमध्ये परदेशी ग्राहकासोबतचा व्हिडिओ कॉल. ‘डच अंकल’ हा शब्द अधूनमधून कानावर पडतो. शब्दशः भाषांतर केलं तर ‘डच काका’ असं होईल. पण हे काका नेदरलँड्सचे असतीलच असं नाही आणि ते कुणाचे सख्खे काका तर मुळीच नसतात. मग हे आहेत तरी कोण? मराठीत त्यांना काय म्हणायचं? आणि छत्रपती संभाजीनगरशी या विषयाचा काय संबंध? समजून घेऊया.

‘डच अंकल’ म्हणजे काय?

समोरच्याच्या भल्यासाठी, पण जराही गोड न करता, तोंडावर कडक शब्दांत सल्ला देणारा माणूस म्हणजे ‘डच अंकल’. इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा ‘टॉक लाइक अ डच अंकल’ असा येतो. म्हणजे एखाद्याची स्पष्ट शब्दांत कानउघाडणी करणं.

या अर्थात तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली, बोलणं माघारी नाही तर समोर होतं. दुसरी, बोलण्यामागे समोरच्याचं भलं व्हावं ही इच्छा असते. तिसरी, बोलणारा माणूस घरातला नसतो, तरी घरातल्या वडीलधाऱ्याच्या हक्कानं बोलतो. यातली एक जरी गोष्ट गळाली तरी अर्थ बदलतो. भलं चिंतण्याचा भाग गेला तर उरतो तो अपमान. समोर बोलण्याचा भाग गेला तर उरते ती चुगली.

आपल्याकडच्या बोलण्यात ‘अंकल’ म्हणजे अनोळखी वयस्कर माणूस. रिक्षावाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत कुणीही अंकल होतो आणि तिशीतल्या माणसाला कुणी अंकल म्हटलं तर त्याचा चेहरा उतरतो. ‘डच अंकल’मध्ये मात्र वयाचा प्रश्न नाही. तुमच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा सिनियरही तुमचा ‘डच अंकल’ असू शकतो.

पण मग ‘डच’च का?

याचं सर्वाधिक सांगितलं जाणारं उत्तर असं: सतराव्या शतकात समुद्री व्यापारावरून इंग्रज आणि डच यांच्यात १६५२ ते १६७४ या काळात तीन युद्धं झाली. त्या वैरातून इंग्रजीत ‘डच’ शब्द टोमण्यासाठी वापरला जाऊ लागला. दारूच्या जोरावर आलेलं धाडस म्हणजे ‘डच करेज’, काहीच न कळणारं बोलणं म्हणजे ‘डबल डच’. त्याच रांगेत कठोर काका म्हणजे ‘डच अंकल’.

यात एक अडचण आहे. ‘डच अंकल’ची जुनी छापील उदाहरणं १८३० च्या दशकातली आहेत. फिलाडेल्फियाचे विनोदी लेखक जोसेफ नील यांच्या १८३८ च्या ‘चारकोल स्केचेस’ या पुस्तकात हा शब्दप्रयोग आहे. म्हणजे तिसरं युद्ध संपल्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी आणि तेही अमेरिकेत. त्या भागात जर्मन वंशाच्या लोकांनाही ‘डच’ म्हणण्याची पद्धत होती. त्यामुळे हे काका मुळात जर्मनही असू शकतात. गंमत म्हणजे खुद्द डच भाषेत या अर्थाचा ‘डच काका’ नाही.

डच लोकांच्या स्पष्टवक्तेपणाची ख्याती मात्र आजही आहे. नेदरलँड्समधल्या टीमसोबत काम करणाऱ्या भारतीय इंजिनिअरला पहिल्या काही मीटिंगमध्येच तिचा अनुभव येतो. ‘हे डिझाइन चालणार नाही’ असं तिथे सरळ सांगितलं जातं आणि नंतर सोबत कॉफीही घेतली जाते.

डच लोक महाराष्ट्राला नवे नाहीत. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. तेव्हाच्या मराठीत त्यांना ‘वलंदेज’ म्हणत. त्यामुळे शिवकाळात हा वाक्प्रचार आला असता तर तो ‘वलंदेज काका’ असा झाला असता.

कठोर कोण: काका की मामा?

इंग्रजीत वडिलांचा भाऊ आणि आईचा भाऊ दोघेही ‘अंकल’च. मराठी माणसाला हे विचित्र वाटतं, कारण आपल्याकडे काका वेगळा आणि मामा वेगळा. प्राचीन रोममध्येही तसंच होतं. लॅटिनमध्ये वडिलांचा भाऊ म्हणजे ‘पात्रुअस’ आणि आईचा भाऊ म्हणजे ‘अवंक्युलस’. संस्कृतमधला ‘पितृव्य’ हा त्या ‘पात्रुअस’चाच भाषिक नातेवाईक.

रोमन समाजात ‘पात्रुअस’ म्हणजे काका कडकपणासाठी प्रसिद्ध होता, इतका की ‘काकागिरी करू नकोस’ या अर्थाचे उल्लेख कवी होरेसच्या लेखनात येतात. इसवी सनपूर्व ५६ मध्ये वक्ता सिसेरो यानं एका खटल्यात विरोधी बाजूच्या वकिलाची खिल्ली उडवताना, हा गृहस्थ एरवी मवाळ आहे पण आज कठोर काकासारखा वागतोय, असं सुनावलं होतं. त्यामुळे काही अभ्यासक ‘डच अंकल’चं मूळ या रोमन काकात शोधतात.

खरी गंमत पुढे आहे. इंग्रजीतला ‘अंकल’ हा शब्द आला तो ‘अवंक्युलस’वरून. म्हणजे शब्द आला लाड करणाऱ्या मामाकडून आणि ‘डच अंकल’मधला स्वभाव मात्र कडक काकाचा. नुसतं ‘अंकल’ म्हटलं की इंग्रजी माणसाच्या डोळ्यांसमोर खाऊ आणणारा प्रेमळ माणूस येतो. त्यामुळे कडक माणूस दाखवायचा तर पुढे काहीतरी लावावं लागणार. ते काम ‘डच’ शब्दानं केलं.

मराठी घरात ही विभागणी आजही जिवंत आहे. सुटीत मामाच्या गावाला जायचं ते लाड करून घ्यायला. मार्कशीट दाखवायची वेळ आली की धास्ती असते ती काकांची. अर्थात प्रत्येक घर वेगळं असतं आणि मामाच्या हातचा मार खाल्लेले भाचेही कमी नाहीत.

मराठीत ‘डच अंकल’ला काय म्हणायचं?

मराठीत यासाठी शब्दांची कमतरता नाही. कानउघाडणी करणे, कान पिळणे, चार खडे बोल सुनावणे, भीडभाड न ठेवता बोलणे, कानपिचक्या देणे. अशा माणसाला कुणी स्पष्टवक्ता म्हणतं, कुणी फटकळ. दोन्हींत फरक आहे. स्पष्टवक्ता गरजेपुरतं बोलतो, फटकळ माणसाला बोलल्याशिवाय राहवत नाही. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हणही हेच शिकवते की संकोचापायी गप्प बसलात तर नुकसान तुमचंच.

पण ‘डच अंकल’च्या सर्वांत जवळ जाणारी मराठी म्हण वेगळीच आहे: कान सोनारानंच टोचावेत. उपदेश योग्य माणसाकडून झाला तरच तो लागू पडतो, हा तिचा अर्थ.

ही म्हण नीट पाहिली तर ‘डच अंकल’पेक्षा जास्त काही सांगते. बाळाचे कान आई टोचत नाही, कारण तिचा हात थरथरतो. शेजारी टोचत नाही, कारण त्याला कसब नाही. सोनाराला नेमकी जागा माहीत असते, हातात बारीक सोन्याची तार असते आणि काम क्षणात संपतं. अनेक घरांत त्या वेळी बाळ मामाच्या मांडीवर असतं. म्हणजे धरणारा एक आणि टोचणारा दुसरा. बाळ रडतं, पण जखम भरते आणि कानात बाळी दिसते.

इंग्रजीनं कठोर सल्ल्याचं काम परक्या देशातल्या काकावर टाकलं, मराठीनं बाजारपेठेतल्या सोनारावर. दोन्हीकडे निष्कर्ष एकच: खरं सांगणारा माणूस आपल्या मायेत अडकलेला नसावा, पण आपला शत्रूही नसावा. असा सोनार कसा ओळखायचा? त्यासाठी फार लांब जायची गरज नाही.

खूण पहिली: आधी परवानगी. नागसेनवनाची गोष्ट

छत्रपती संभाजीनगरात रोज हजारो लोक ‘मिलिंद कॉलेज’ आणि ‘नागसेनवन’ ही नावं घेतात. ही दोन्ही नावं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दिलेली आहेत. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केलं. तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि उच्च शिक्षणाची सोय अगदी तुटपुंजी होती.

मिलिंद म्हणजे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर आणि नागसेन म्हणजे त्याच्याशी चर्चा करणारा बौद्ध भिक्खू. ‘मिलिंदपञ्हो’ या पाली ग्रंथात त्यांचा संवाद आहे. राजा वादविवादात पटाईत होता. नागसेनाला त्यानं चर्चेसाठी विचारलं तेव्हा भिक्खूनं आधी अट घातली. पंडित म्हणून बोलणार असाल तर बोलू, राजा म्हणून बोलणार असाल तर नाही. फरक काय, असं राजानं विचारलं. नागसेनानं सांगितलेला मुद्दा असा: पंडितांच्या चर्चेत मुद्दा खोडला जातो, चूक मान्य करावी लागते, तरी कुणी रागावत नाही. राजांना मात्र विरोध केला की ते शिक्षा फर्मावतात. राजानं अट मान्य केली आणि चर्चा सुरू झाली.

आजच्या भाषेत सांगायचं तर नागसेनानं फीडबॅक देण्याआधी नियम ठरवून घेतले. स्पष्ट बोलणं ऐकून घेण्याची तयारी समोरच्यानं आधी दाखवली नसेल, तर सर्वांत बरोबर सल्लाही भांडणात संपतो. ही पहिली खूण. चांगला सोनार बाळाला अचानक पकडत नाही.

खूण दुसरी: कसब. पैठणच्या नाथांची भारुडं

शहरापासून साधारण ५० किलोमीटरवरचं पैठण हे संत एकनाथांचं गाव. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते, म्हणजे नाथांचं शिक्षणही याच परिसरात झालं. सोळाव्या शतकात नाथांनी समाजाला जे सुनावलं ते आजही बोचेल असं आहे. पण त्यांनी व्यासपीठावरून उपदेश केला नाही. त्यांनी भारूड निवडलं.

या भारुडांत जोशी बोलतो, गारुडी बोलतो, वासुदेव बोलतो, विंचू चावलेला माणूस ओरडतो. लोक हसतात आणि हसता हसता आपल्यावरच बोललं गेलंय हे त्यांच्या लक्षात येतं. ‘जोहार’ प्रकारच्या रचनांत तर नाथांनी गावाला शहाणपण सांगण्याचं काम महाराच्या तोंडी दिलं. ज्याला त्या काळी गावात मान वर करून बोलण्याची मुभा नव्हती, तोच इथे गावाला चार गोष्टी सुनावतो. नाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त दोघे एकमेकांच्या श्रद्धांवर अगदी कडक शब्दांत बोलतात आणि शेवटी समेट करतात.

नाथांनी कडू औषध सौम्य केलं नाही, पण ते घशाखाली कसं उतरेल याचा विचार केला. दरवर्षी नाथषष्ठीला पैठणला लाखो वारकरी येतात आणि भारुडं आजही रंगतात. सव्वाचारशे वर्षांनंतरही लोक हौसेनं आपली कानउघाडणी करून घेतात, यातच त्या कसबाचं यश आहे.

खूण तिसरी: किंमत मोजायची तयारी. अमात्य आणि रामशास्त्री

मराठ्यांच्या इतिहासात थेट सत्तेला सुनावणारी दोन नावं लगेच आठवतात.

पहिलं रामचंद्रपंत अमात्य यांचं. शिवाजी महाराजांच्या काळापासून स्वराज्याचा कारभार पाहिलेल्या या मुत्सद्द्यानं १७१५ च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ लिहिलं. कोल्हापूरच्या तरुण संभाजी महाराजांना राज्य कसं करावं हे त्यात सांगितलं आहे. किल्ले, आरमार, वतनदार, सावकार अशा प्रत्येक विषयावर त्यात स्पष्ट सूचना आहेत. युरोपीय व्यापारी इतर सावकारांसारखे नाहीत, त्यांच्या मागे त्यांचे राजे आहेत, त्यांना जपून वागवावं, हा इशाराही त्यात आहे. ज्यांच्यापासून सावध राहायला सांगितलं, त्या यादीत वलंदेज म्हणजे डचही आहेत. म्हणजे एका मराठी ‘डच अंकल’नं खऱ्या डचांबद्दल दिलेला हा सल्ला!

दुसरं नाव रामशास्त्री प्रभुणे यांचं. माधवराव वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवे झाले. पुढे ते राज्यकारभाराच्या वेळी जपजाप्यात गुंतलेले दिसले, तेव्हा न्यायाधीश रामशास्त्रींनी काशीला जाण्याची परवानगी मागितली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: राज्य हाती घेतलं असेल तर प्रजेचं काम करा, नाहीतर गादी सोडा आणि माझ्यासोबत काशीला चला. माधवरावांनी ते ऐकलं आणि आपली पद्धत बदलली.

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘काका, मला वाचवा’ ही हाक तेव्हापासून मराठीत रुळली. त्या खुनाबद्दल काका राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्रीच होते. त्यानंतर त्यांनी पुणं सोडलं. ‘रामशास्त्री बाणा’ हा शब्द मराठीला मिळाला तो यातून.

दोन्ही वेळी रामशास्त्री पद सोडायला तयार होते. सल्ला देणाऱ्याला त्यातून काही मिळवायचं नाही, उलट काही गमवावं लागू शकतं, हे दिसलं की ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. याउलट कडक बोलून क्लासची फी, पॉलिसी किंवा प्लॉट विकणारा माणूस कितीही परखड वाटला, तरी तो विक्रेताच.

आज हा सोनार कुठे लागतो?

मराठवाड्यातल्या गावांतून अभ्यासासाठी संभाजीनगरात येणाऱ्या मुलांचंच उदाहरण घ्या. खोलीचं भाडं, मेस, अभ्यासिका आणि घरच्यांच्या अपेक्षा. चार-पाच वर्षं गेली की एक प्रश्न समोर उभा राहतो: पुढचा प्रयत्न द्यायचा की थांबायचं? आई-वडील विचारत नाहीत, कारण मुलाचं मन दुखेल. मित्र बोलत नाहीत, कारण तेही त्याच रांगेत आहेत.

आकडे मात्र स्पष्ट बोलतात. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी देशभरातून १० लाख १६ हजारांहून अधिक अर्ज आले. पूर्वपरीक्षेला ५ लाख ९२ हजारांवर उमेदवार बसले आणि अंतिम यादीत नावं आली १,०१६. म्हणजे परीक्षेला बसलेल्या सुमारे ५८३ जणांमागे एक. खुल्या प्रवर्गासाठी ३२ वर्षांपर्यंत ६ आणि ओबीसींसाठी ३५ वर्षांपर्यंत ९ प्रयत्न मिळतात. नियम तेवढी संधी देतो, पण प्रत्येक प्रयत्नासोबत वयाचं एक वर्ष जातं.

हे आकडे पाहून कुणी स्वप्न सोडावं असं नाही. पण ‘या वर्षी पूर्व निघाली नाही तर जूनमध्ये काय करणार?’ हा प्रश्न कुणीतरी तोंडावर विचारायला हवा. लग्नासाठी काढलेलं कर्ज, पडत्या भावात वाढवलेला धंदा, डॉक्टरांनी सांगूनही न सुटलेला तंबाखू, इथेही तेच. अशा वेळी माया करणारे गप्प बसतात आणि टोमणे मारणारे बोलतात. मधला माणूस सापडत नाही.

फॅमिली व्हॉट्सॲप ग्रुप ही त्याची जागा नाही. तिथे दिलेला सल्ला चाळीस जणांसमोर दिलेला असतो, त्यामुळे ऐकणारा मुद्द्याचा विचार करण्याऐवजी आपली इज्जत वाचवायला धावतो. सॉफ्टवेअर क्षेत्रात कोड रिव्ह्यूचा एक साधा संकेत आहे: बोलायचं ते कोडबद्दल, कोड लिहिणाऱ्याबद्दल नाही. ‘तू आळशी आहेस’ आणि ‘तू गेल्या महिन्यात एकही सराव पेपर सोडवला नाहीस’ यांत तोच फरक आहे. पहिल्या वाक्यावर वाद होतो, दुसऱ्यावर काहीतरी करता येतं.

शब्द वापरताना काय लक्षात ठेवाल?

• ‘डच अंकल’ म्हणजे नेदरलँड्समध्ये राहणारे नातेवाईक नव्हेत. इंग्रजी मुलाखतीत किंवा निबंधात ही चूक टाळा.

• ‘गॉडफादर’ म्हणजे पाठीशी उभा राहणारा, ‘डेव्हिल्स ॲडव्होकेट’ म्हणजे चर्चेसाठी मुद्दाम उलट बाजू मांडणारा. ‘डच अंकल’ या दोघांपेक्षा वेगळा. तो स्वतःचं खरं मत सांगतो आणि ते तुमच्या भल्यासाठी सांगतो.

• शब्द पुरुषवाचक असला तरी ‘ती माझ्याशी डच अंकलसारखी बोलली’ असं स्त्रीबद्दलही म्हणता येतं.

• डच सहकाऱ्यांसमोर जपून वापरा. शब्दात जुन्या टोमण्याचा वास आहे आणि त्यांच्या भाषेत तो नाहीच.

• मराठीत लिहिताना ‘डच काका’ असं भाषांतर करू नका. ‘त्यांनी माझे कान टोचले’ असं म्हटलं की अर्थ पोहोचतो.

आणि कुणाला सुनावण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारा. समोरच्यानं ऐकायची तयारी दाखवली आहे का? नेमकं कुठे टोचायचं हे मला कळतं का? यातून माझा काही फायदा तर नाही ना? तिन्हींची उत्तरं नीट आली तर बोला, एकट्याला गाठून बोला आणि थोडक्यात बोला. नाही आली तर मांडीवर धरून बसणारा मामा व्हा. त्या वेळी त्याचीही तितकीच गरज असते.